झोपेत उठून खाणं थांबत नाही: कारण कुठे शोधायचं

सकाळी पोट जड. तोंडात चिकट, गोडसर चव. ओट्यावर उघडा डबा, जमिनीवर चुरा, फ्रिजचं दार नीट न लागलेलं. रात्री कोण उठलं होतं असं विचारलं, तर ज्यानं खाल्लं त्यालाच खरोखर काही आठवत नाही. एकदा झालं तर माणूस विसरून जातो. पण आठवड्यातून दोन-तीनदा, मग रोज, मग एकाच रात्रीत दोनदा व्हायला लागलं की घरात संशय आणि चिडचिड सुरू होते, आणि खाणाऱ्याच्या मनात लाज घर करते.

हा झोपेचा आजार आहे. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही, आणि त्यावर उपाय आहेत. निद्राविकारांचे डॉक्टर त्याला झोपेशी निगडित खाण्याचा विकार म्हणतात. अमेरिकेत मिनियापोलिस इथल्या निद्राविकार केंद्रातल्या कार्लोस शेंक, मार्क माहोवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली अशा १९ प्रौढ रुग्णांची झोप प्रयोगशाळेत नोंदवून त्याचं सविस्तर वर्णन केलं. दिवसा जेवणाशी बिनसलेल्या नात्यापेक्षा हे प्रकरण वेगळं आहे, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. तरीही आज बहुतेक घरांत पहिला उपाय होतो तो डाएटचा आणि दुसरा कुलपाचा. दोन्ही फसतात, कारण दोन्ही खाण्याच्या मागे लागतात. शोध झोपेचा घ्यायला हवा.

शोधाची दिशा दोन प्रश्नांनी ठरते. झोप मध्येच कशामुळे मोडते? आणि मोडल्यावर माणूस पुरता जागा का होत नाही? घोरणं, पायांची तगमग, आवाज, ताण ही पहिल्या प्रश्नाची उत्तरं. झोपेची गोळी, साठलेली अपुरी झोप, घराण्यातून आलेली झोपेत चालण्याची प्रवृत्ती ही दुसऱ्याची. बऱ्याच जणांत दोन्हीकडचं काही ना काही एकत्र आलेलं असतं. म्हणून एकच कारण सापडलं की शोध थांबवू नका.

आधी खात्री करा की हे तेच आहे

रात्री खाणारा प्रत्येक जण झोपेत खात नसतो. एक वेगळी अवस्था आहे, तिला रात्रीच्या खाण्याचं सिंड्रोम म्हणतात. अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५५ साली तिचं वर्णन केलं. त्यात माणूस पुरता जागा होतो, काहीतरी खाल्ल्याशिवाय परत झोप लागणार नाही असं त्याला वाटतं, तो नेहमीचेच पदार्थ खातो आणि सकाळी त्याला सगळं आठवतं. दिवसभरातल्या एकूण खाण्याचा पाव किंवा त्याहून मोठा हिस्सा संध्याकाळच्या जेवणानंतर जातो. सकाळी भूक नसते, मन खिन्न असतं. तिचे उपचार वेगळे आहेत, त्यामुळे हा फरक लावणं फार गरजेचं.

झोपेतल्या खाण्याची खूण म्हणजे आठवण पुसट असणं किंवा अजिबात नसणं. दुसरी खूण खाण्याच्या प्रकारात दिसते. गोठलेलं मांस तसंच, कच्चं पीठ, चमच्या-चमच्यानं साखर किंवा लोणी, मिठानं भरलेला पाव, कॉफीची कोरडी पूड, पाळीव प्राण्यांचं खाणं. जागेपणी हात लागणार नाही अशा गोष्टी आणि एकमेकांशी न जमणारी मिश्रणं. बहुतेकदा ओढ असते ती गोड आणि तुपट, भरपूर कॅलरीच्या पदार्थांची. खाणं भराभर, बेफिकीर, हातानं, सांडत. आणि भूक लागलेली नसते. काहीजणांना धूसर आठवतं, स्वप्नात पाहिल्यासारखं. काहींना फक्त एवढंच आठवतं की थांबता येत नव्हतं. अर्धवट आठवत असेल तर 'म्हणजे तू जागाच होतास' असा निष्कर्ष काढू नका. एकाच माणसात एका रात्री काहीच न आठवणं आणि दुसऱ्या रात्री थोडंसं आठवणं, दोन्ही होतं.

दोन गोष्टी मात्र आधी वगळा, कारण त्यांत वेळ घालवणं धोक्याचं आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर रात्री साखर खूप उतरून माणूस गोंधळलेल्या अवस्थेत स्वयंपाकघरात जाऊ शकतो. घामानं भिजणं, थरथर, धडधड, सकाळी डोकेदुखी असेल तर पहाटे दोन-तीनच्या सुमाराला साखर मोजा आणि डॉक्टरांना लगेच कळवा. अशा माणसाच्या घरात गोड पदार्थ कुलपात ठेवणं म्हणजे त्याचा बचाव काढून घेणं. दुसरी गोष्ट रात्रीच्या फिट्सची. प्रत्येक वेळी अगदी तीच हालचाल, काही सेकंद ते दोन-एक मिनिटांचा प्रकार, हातपाय ताठ होणं, जीभ चावली जाणं, एका रात्रीत अनेकदा, असं असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. फ्रिज उघडून, डबा शोधून, सँडविच बनवून खाण्याइतकी सलग कामं फिटमध्ये सहसा होत नाहीत.

पुरावा कसा गोळा करायचा

आठवत नसलेल्या गोष्टीबद्दल डॉक्टरांना सांगणं अवघड असतं, आणि 'मला वाटतं मी रात्री खातो' एवढ्यावर ते फार पुढे जाऊ शकत नाहीत. सुमारे दोन आठवड्यांची नोंद ठेवा. रात्री किती वाजता झोपलात, कोणतं औषध किती वाजता आणि किती घेतलं, दारू घेतली का, संध्याकाळी पायांना अस्वस्थ वाटलं का, सकाळी काय खाल्लेलं सापडलं. शक्य असेल तर स्वयंपाकघरात जुना फोन किंवा साधा कॅमेरा लावा. त्यातून सगळ्यात उपयोगाची माहिती मिळते ती वेळेची. झोप लागल्यापासून पहिल्या दोन-तीन तासांत घडत असेल तर गाढ झोपेतून उठून चालण्याचा प्रकार जास्त संभवतो. रात्रभर विखुरलेलं, पुन्हा पुन्हा घडत असेल तर पायांकडे आणि श्वासाकडे आधी बघावं. गोळी घेतल्यानंतर तास-दोन तासांतच सुरू होत असेल, तर उत्तर बहुतेक हातातच आहे.

घरात दुसरं कुणी असेल तर त्यांना विचारा: घोरणं आहे का, मध्येच श्वास थांबतो का, झोपेत पाय झटकले जातात का. हे झोपणाऱ्याला कधीच कळत नाही. घरच्यांनीही ही माहिती आरोपाच्या सुरात देऊ नये, एवढी कळकळीची विनंती. सकाळी उठल्या-उठल्या 'काल पुन्हा' असं ऐकणारा माणूस हळूहळू खरं सांगणं बंद करतो, आणि मग नोंदच खोटी होते.

एकटे राहत असाल तर झोपण्याआधी ओट्याचा आणि फ्रिजच्या आतला फोटो काढून ठेवा, सकाळी ताडून बघा.

पहिलं तपासा: झोपताना पोटात काय जातं

माझ्या मते शोधाची सुरुवात इथूनच व्हावी, कारण हे कारण सापडलं तर सुटकाही सगळ्यात लवकर होते. झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या झोल्पिडेम या गोळीचं नाव सर्वांत पुढे येतं. २००२ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी पाच रुग्ण नोंदवले, ज्यांचं झोपेतलं खाणं झोल्पिडेमवर सुरू झालं किंवा वाढलं आणि ती बंद केल्यावर थांबलं. त्यानंतर अशा कितीतरी नोंदी आल्या. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं झोल्पिडेम, एस्झोपिक्लोन आणि झालेप्लॉन या तिन्ही औषधांच्या माहितीपत्रकावर सर्वांत कडक, चौकटीतला इशारा सक्तीचा केला. त्यासाठी तपासलेल्या घटनांमध्ये गंभीर इजेच्या ४६ आणि मृत्यूच्या २० घटना होत्या: झोपेत गाडी चालवणं, पडणं, भाजणं, असं बरंच काही. या घटना अगदी कमी डोसवर, पहिल्याच गोळीनंतर आणि दारू न घेतानाही घडल्या होत्या. झोपेत उठून असं काही एकदा जरी केलं असेल, तर त्या माणसानं ही औषधं पुन्हा घेऊ नयेत, असं तो इशारा स्पष्ट सांगतो.

स्त्रियांच्या शरीरातून झोल्पिडेमचा निचरा सावकाश होतो. म्हणून २०१३ मध्ये अमेरिकेत स्त्रियांसाठी साध्या गोळीचा सुचवलेला डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणला गेला. जुनं प्रिस्क्रिप्शन वर्षानुवर्षं तसंच चालू असेल तर हे विचारण्यासारखं आहे. कुणीतरी आपली उरलेली गोळी प्रेमानं देऊ केली असेल, तर तीही या नोंदीत यायलाच हवी.

यादी या तीन गोळ्यांवर संपत नाही. झोपेचीच ट्रायाझोलाम ही गोळी, लिथियम, मनोविकारांसाठीची ओलान्झापिन, क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, नैराश्यासाठीचं मिर्टाझापिन आणि दिवसा अनावर झोप येण्याच्या आजारावरचं सोडियम ऑक्सिबेट यांच्यावर असतानाही असे प्रसंग नोंदले गेले आहेत. झोपेतलं खाणं कधी सुरू झालं आणि नवं औषध किंवा वाढीव डोस कधी सुरू झाला, या दोन तारखा शेजारी-शेजारी लिहून बघा. अनेकदा तेवढ्यानंच चित्र उलगडतं.

औषध स्वतःहून एका झटक्यात बंद करू नका. झोपेची गोळी बरेच महिने घेतलेली असेल तर अचानक सोडल्यावर झोप पार उडते आणि क्वचित फिटही येऊ शकते. लिथियम किंवा मनोविकाराची औषधं अशी सोडणं तर आणखी धोक्याचं. ज्या डॉक्टरांनी लिहून दिलं त्यांना त्याच दिवशी फोन करून नेमकं काय घडतंय ते सांगा, आणि भेट होईपर्यंत रात्री स्वयंपाकघर सुरक्षित ठेवा. दारू मात्र त्याच रात्रीपासून बंद ठेवायला हवी, कारण झोपेच्या गोळीबरोबर ती धोका नक्की वाढवते. रोज भरपूर पिणाऱ्यानं तीही डॉक्टरांना विचारूनच सोडावी. एकदम तुटली तर तिचाही त्रास गंभीर होतो.

दुसरं, आणि सगळ्यात दुर्लक्षित: पाय

संध्याकाळी बसल्या-बसल्या पिंढऱ्यांत काहीतरी सरपटतंय, ओढतंय, आतून खाजतंय असं वाटतं का? पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, उठून चाललं की बरं वाटतं, आणि पुन्हा पडलं की पुन्हा सुरू? याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात, म्हणजे पायांची अस्वस्थता. थॉमस विलिस या इंग्लिश डॉक्टरनं सतराव्या शतकातच याबद्दल लिहून ठेवलं होतं, आणि कार्ल-अॅक्सेल एकबॉम या स्वीडिश मेंदूतज्ज्ञानं १९४५ मध्ये त्याचा नीट अभ्यास मांडला. तरीही 'पाय दुखतात' या दोन शब्दांखाली हा आजार वर्षानुवर्षं दडून राहतो.

या पायांचा आणि रात्रीच्या खाण्याचा संबंध अनेकांना, डॉक्टरांनाही, चटकन सुचत नाही. इटलीत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पायांची अस्वस्थता असलेल्या १०० जणांपैकी ३३ टक्क्यांना झोपेतलं खाणं होतं. तुलनेसाठी घेतलेल्या इतर लोकांत ते प्रमाण फक्त १ टक्का होतं. पायांना हलवल्याशिवाय चैन पडत नाही, तशीच काही जणांना रात्री काहीतरी तोंडात टाकल्याशिवाय चैन पडत नाही. दोन्हींच्या मुळाशी मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या रात्रीच्या चढ-उताराचा हात असावा, असं या क्षेत्रातले डॉक्टर मानतात.

आता यातली साखळी बघा, कारण बऱ्याच रुग्णांची गोष्ट अशीच घडलेली असते. पायांमुळे झोप लागत नाही. डॉक्टरांकडे तक्रार जाते ती 'झोप येत नाही' अशी. पायांबद्दल कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. निद्रानाश समजून झोल्पिडेम लिहून दिलं जातं. पाय तर शांत होत नाहीत, उलट माणूस त्या तगमगीत उठतो, आणि गोळीमुळे पुरता जागा होत नाही. उठवणारं कारणही आलं आणि अर्धवट झोपेत ठेवणारंही. मग पाय स्वयंपाकघराकडे वळतात. गोळी थांबवून पायांवर उपचार केले की अशा लोकांचं खाणं अनेकदा पूर्ण थांबतं. झोपेची गोळी सुरू करण्यापूर्वी प्रत्येक माणसाला पायांबद्दल एक प्रश्न विचारला गेला, तर कितीतरी जणांची ही फरपट टळेल, असं मला मनापासून वाटतं.

स्वतःपुरतं करण्यासारखं: फेरिटिन नावाची रक्ततपासणी मागा. शरीरात लोहाचा साठा किती आहे, हे ती सांगते. इथे एक फसगत होते. हिमोग्लोबिन व्यवस्थित असतं, प्रयोगशाळेच्या अहवालात फेरिटिनही 'नॉर्मल' छापून येतं, आणि विषय संपतो. पण पायांच्या अस्वस्थतेसाठी निकष वेगळा आहे: प्रौढांमध्ये फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी असेल तर लोह देण्याचा विचार करावा, असं तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. अहवालावरचा आकडा २५ असला आणि शेजारी 'नॉर्मल' लिहिलेलं असलं, तरी तो आकडा डॉक्टरांना दाखवा. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीशिवाय घेऊ नका. साठा आधीच जास्त असणाऱ्यांना त्या अपाय करतात.

पायांची अस्वस्थता वाढवणारी औषधंही आहेत. सर्दी-अॅलर्जीसाठीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, उलटी थांबवणारं मेटोक्लोप्रमाइड, नैराश्याची बरीचशी औषधं. झोप यावी म्हणून मुद्दाम सर्दीची गोळी घेणारे लोक नकळत आपले पाय आणखी पेटवत असतात. संध्याकाळची कॉफीही काहींना नडते.

तिसरं: श्वास

मोठ्यानं घोरणं, झोपेत श्वास थांबून धापेनं सुरू होणं, सकाळी तोंड कोरडं, दिवसा पेंग. हे असेल तर स्लीप अॅप्नियाची तपासणी करून घ्या. श्वास अडला की मेंदू स्वतःला गाढ झोपेतून वर ओढतो, रात्रीतून शेकडो वेळाही. त्यातली एखादी ओढ अर्धवट राहते आणि माणूस त्याच अवस्थेत उठून चालू लागतो. रात्री मास्कमधून दाबानं हवा देणारं सीपॅप यंत्र वापरल्यावर अॅप्निया आटोक्यात येतो आणि त्यावर बेतलेलं चालणं-खाणंही कमी होतं. इथे एक दुष्टचक्र आहे: रात्रीच्या खाण्यानं वजन वाढतं, वाढत्या वजनानं घोरणं वाढतं, आणि घोरण्यानं झोप आणखी मोडते. म्हणून 'आधी वजन कमी कर, मग बघू' हा सल्ला इथे उलटा पडतो. श्वासावर उपचार आधी.

चौथं: झोपेत चालण्याची मूळ प्रवृत्ती

लहानपणी झोपेत चालायचात का, हे आई-वडिलांना विचारा. ते स्वतः चालायचे का, तेही विचारा. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा करून २०१५ मध्ये मांडलेल्या अभ्यासात असं दिसलं, की आई-वडिलांपैकी कुणीच झोपेत चालत नसेल तर सुमारे २२ टक्के मुलं कधी ना कधी झोपेत चालतात, एक जण चालत असेल तर ४७ टक्के, आणि दोघं चालत असतील तर ६१ टक्के. मोठेपणी ही सवय अनेकदा सुप्त पडून असते. एखाद्या ताणाच्या काळात ती परत येते, आणि या वेळी खाण्याच्या रूपात.

अशा अवस्थेत मेंदूचा काही भाग जागा आणि काही भाग झोपलेला असतो. हालचाल करणारे भाग जागेपणीसारखं काम करतात. विचार, आवर आणि आठवण यांच्याशी संबंधित भागांत मात्र गाढ झोपेच्या लहरी चालू असतात. फिट्सच्या उपचारासाठी मेंदूत आधीच इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांमध्ये हे प्रत्यक्ष नोंदलं गेलं आहे. माणूस डबा उघडतो, चमचा शोधतो, दार बंदही करतो, पण 'हे कच्चं आहे' किंवा 'आता पुरे' असं सांगणारं कुणी जागं नसतं. 'इतकं सगळं केलंस आणि आठवत कसं नाही?' या घरोघरी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे.

ही प्रवृत्ती जागी करणाऱ्या गोष्टींत अपुरी झोप सगळ्यात वर आहे. सलग काही रात्री कमी झोपलात की गाढ झोप जास्त दाट होते आणि तिच्यातून नीट बाहेर पडणं मेंदूला जमत नाही. पाळ्यांची नोकरी, ताप, अनोळखी जागा, मध्यरात्रीचे आवाज, भरलेलं मूत्राशय हेही कारणीभूत होतात. झोपेची वेळ रोज एकच ठेवणं आणि झोप पुरती घेणं हा उपाय साधा आहे, पण केवळ तेवढ्यानं झोपेतल्या खाण्याच्या रात्री कमी झालेले लोक आहेत.

सिगारेट किंवा दारू सोडल्यानंतरच्या काळातही हे सुरू झाल्याची उदाहरणं आहेत. तसं असेल तर पुन्हा ओढायला किंवा प्यायला लागणं हा मार्ग नाही. सोडण्यासाठी जे डॉक्टर मदत करतायत त्यांना हे सांगा.

दिवसाच्या उपाशीपणाबद्दल

रात्री खाल्लं म्हणून दिवसा भरपाई करायची, सकाळचं टाळायचं, दुपारी निभावून न्यायचं. हे इतक्या जणांकडून होतं की त्याबद्दल स्वतंत्र सांगायला हवं. दिवसा स्वतःला उपाशी ठेवणं आणि रात्रीचं झोपेतलं खाणं एकमेकांना पोसतात. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या एका पाहणीत झोपेतल्या खाण्याची लक्षणं सुमारे ५ टक्क्यांमध्ये आढळली, तर खाण्याच्या विकारांसाठी रुग्णालयात दाखल असलेल्यांमध्ये जवळजवळ १७ टक्क्यांमध्ये. सकाळी भूक नसली तरी थोडं खा, जेवणाच्या वेळा पाळा, रात्रीचं जेवण टाळू नका. दिवसाही मनाविरुद्ध भराभर खाणं होत असेल, किंवा खाल्लेलं उलटी करून काढलं जात असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्या. त्यावर उपचार न करता फक्त झोपेच्या मागे लागलं तर अर्धंच काम होतं.

आज रात्रीपासून: स्वयंपाकघर सुरक्षित करा

कारण सापडेपर्यंत काही आठवडे जातील. तोवर धोका कमी करणं तुमच्या हातात आहे. गॅसचा मुख्य कॉक झोपण्यापूर्वी बंद करा, विजेच्या शेगडीचा आणि मिक्सरचा प्लग काढून ठेवा. सुऱ्या नजरेआड आणि हाताला सहज न लागणाऱ्या जागी. फरशीचं द्रव, कीटकनाशक, ॲसिड, औषधांच्या बाटल्या स्वयंपाकघरातून पूर्ण हलवा, त्यांच्यासाठी मात्र कुलूप हवंच. झोपेत माणसं साबण आणि सफाईची द्रव्यंही तोंडात घालतात, हे नोंदलं गेलेलं आहे. ज्या पदार्थाची अॅलर्जी आहे तो घरात ठेवूच नका. खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंतच्या वाटेवर खुर्च्या, वायरी, काचेच्या वस्तू नकोत.

अन्नाच्या कपाटाला कुलूप लावावं का? बाकी सगळं हटवल्यावरही नको ते खाल्लं जात असेल तर काही काळासाठी चालेल. पण कुलपामुळे आजार जात नाही. अडवल्यावर काही जण झोपेतच चिडतात, ओढाताण करतात, आणि अन्न मिळालं नाही तर हाताला लागेल ते तोंडात घालतात. दार उघडलं की घरच्यांना जाग येईल अशी हलकी घंटी किंवा अलार्म कुलपापेक्षा जास्त कामाचा. खोलीचं दार बाहेरून बंद करू नका. आग लागली तर माणूस आत अडकेल.

घरच्यांसाठी: झोपेत चालणाऱ्याला जागं केलं तर त्याला काही होतं, ही समजूत खोटी आहे. पण जोरात हलवलं, हातातलं हिसकावलं, तर तो घाबरून मारू शकतो, आणि ते त्याला कळत नसतं. शांत आवाजात, थोडक्या शब्दांत बोला, बाजूनं चालत त्याला पलंगाकडे वळवा. त्या क्षणी जाब विचारू नका.

डॉक्टरांकडे कधी आणि कुठल्या

काहीतरी अखाद्य किंवा विषारी खाल्लं गेलं, भाजलं, कापलं, ठसका लागून गुदमरलं, तर वाट बघू नका, सरळ तातडीच्या विभागात जा. मधुमेह असेल, गरोदरपण असेल, किंवा वजन झपाट्यानं वाढत असेल तर भेट पुढे ढकलू नका. बाकीच्यांनी दोन आठवड्यांची नोंद, औषधांची पूर्ण यादी आणि जमलं तर व्हिडिओ घेऊन निद्राविकारतज्ज्ञांकडे जावं. ते उपलब्ध नसतील तर मेंदूविकारतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ किंवा फुप्फुसरोगतज्ज्ञ यांपैकी जे झोपेच्या आजारांवर काम करतात त्यांच्याकडे.

ते कदाचित रात्रभराची झोपेची तपासणी सुचवतील. मेंदूच्या लहरी, श्वास, ऑक्सिजन, पायांची हालचाल आणि व्हिडिओ असं सगळं एकत्र नोंदलं जातं. तपासणीच्या खोलीत उशाशी खाण्याचे पदार्थ ठेवायला सांगितलं तर नवल वाटून घेऊ नका. ते मुद्दाम असतं. त्या रात्री खाणं घडलं नाही तरी तपासणी वाया जात नाही. श्वास थांबणं किंवा पाय झटकणं त्यात पकडलं गेलं तर उपचाराची वाट मिळते.

औषधांबद्दल थोडं. कारणावर इलाज करूनही खाणं उरलंच, तर टोपिरामेट हे फिट्ससाठीचं औषध कमी मात्रेत वापरलं जातं आणि एका छोट्या नियंत्रित चाचणीत त्याचा फायदा दिसला आहे. हातापायांना मुंग्या, बोलताना शब्द न सापडणं, मूतखडे हे त्याचे त्रास आहेत. गरोदरपणात ते बाळाला अपाय करू शकतं, त्यामुळे मूल होण्याचा विचार असेल तर हे आधीच सांगा. पायांसाठी पूर्वी प्रामिपेक्सोलसारखी डोपामिनवर काम करणारी औषधं सर्रास दिली जायची. दीर्घकाळ घेतल्यावर त्यांनी पायांचा त्रास उलट वाढू शकतो आणि काही जणांना जुगार, खरेदी किंवा खाण्याचा अनावर नाद लागू शकतो. म्हणून आता लोहाची कमतरता भरून काढणं आणि गॅबापेन्टिनच्या गटातली औषधं यांना आधी पसंती दिली जाते.

थांबलं होतं, पुन्हा सुरू झालं

हा आजार असा परततो. घाबरू नका, पण आधीच्याच कारणाकडे बोट दाखवून मोकळेही होऊ नका. गेल्या दोन-तीन महिन्यांत काय बदललं ते बघा. शस्त्रक्रियेनंतर किंवा प्रवासात कुणी झोपेची गोळी दिली का? नैराश्याचं औषध बदललं का? वजन वाढून घोरणं परत आलं का, सीपॅपचा मास्क सैल झाला का? नोकरीच्या वेळा बदलून झोप तुटतेय का? लोहाच्या गोळ्या बंद करून बरेच महिने झाले असतील, मासिक पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल, वरचेवर रक्तदान करत असाल किंवा गरोदर असाल, तर फेरिटिन पुन्हा करून घ्या आणि जुना अहवाल शेजारी ठेवून दोन्ही आकडे डॉक्टरांना एकत्र दाखवा.